संगणकाचे भांडार व त्याची मोहोर

लिनक्स प्रणालीवर चालणारा संगणक अद्ययावत करण्याची आज्ञा दिली असता कित्येकदा पडद्यावर नकाराचा संदेश उमटतो. संगणक बिघडला, असा समज करून घेऊन पुष्कळजण तेथेच थांबतात. परंतु यांपैकी बरेच संदेश पहारेकऱ्याने केलेली अडवणूक असते. तो कशासाठी अडवीत आहे हे कळले म्हणजे उपायही सापडतो. त्यासाठी प्रथम भांडाराची व्यवस्था समजून घेतली पाहिजे.

लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला. त्यावर आधारलेल्या डेबियन या प्रकल्पाची स्थापना इयन मर्डॉक यांनी १९९३ साली केली. डेबियनमध्ये प्रत्येक आज्ञावली ‘पॅकेज’ या नावाच्या गाठोड्यात बांधून भांडारात ठेवलेली असते. तिला दुसऱ्या कोणत्या पॅकेजांची गरज आहे, याची नोंदही त्याच गाठोड्यात असते. अशा भांडाराच्या हुबेहूब प्रती अनेक देशांतील विद्यापीठे व संस्था आपापल्या संगणकांवर ठेवतात. आपल्या यंत्रात या भांडारांचे पत्ते लिहिलेले असतात आणि ‘ॲप्ट’ ही आज्ञावली तेथून माल आणते. ‘अपडेट’ या आज्ञेने केवळ नवी यादी येते. प्रत्यक्ष पॅकेजे येतात ती ‘अपग्रेड’ या आज्ञेने. हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

आता प्रश्न असा की, दूरदेशीच्या अपरिचित संगणकावरून आलेल्या मालावर विश्वास कसा ठेवावा? लाखेची मोहोर केलेले पाकीट कोणत्याही हरकाऱ्याच्या हाती देता येते. मोहोर अभंग असली म्हणजे झाले. येथेही तसेच आहे. प्रत्येक पॅकेजवरून गणिताने ६४ चिन्हांचा एक ठसा काढतात. पॅकेजमधील एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. हे ठसे यादीत असतात, यादीचा ठसा ‘रिलीज’ नावाच्या पत्रात असतो आणि त्या पत्रावर प्रकल्पाच्या गुप्त किल्लीने सही केलेली असते. ती सही तपासणारी सार्वजनिक किल्ली आपल्या यंत्रात आधीपासूनच असते. २००७ सालच्या चौथ्या आवृत्तीपासून ही तपासणी डेबियनच्या नित्य व्यवहाराचा भाग झाली.

या साखळीचा कोणता दुवा जुळला नाही, हे संदेशावरून ओळखता येते. ‘हॅश जुळत नाही’ असा संदेश आल्यास भांडाराची ती प्रत त्याच वेळी बदलली जात असण्याचा संभव असतो. काही वेळाने यादी पुन्हा मागवावी. ‘सार्वजनिक किल्ली नाही’ असे दिसल्यास ती भांडाराच्या अधिकृत स्थानावरूनच मिळवावी. ‘पत्र अद्याप वैध नाही’ असा संदेश आल्यास संगणकाचे घड्याळ पाहावे. जुन्या यंत्रातील बटणाएवढा सेल संपला की तारीख मागे पडते व आजचे पत्र त्यास भविष्यातील वाटते. ‘कुलूप मिळत नाही’ याचा अर्थ दुसरी आज्ञावली अद्ययावतीकरणाचे काम करीत आहे. तिचे काम संपू द्यावे, कुलपाची फाईल पुसू नये. मध्येच वीज गेली असल्यास ‘डीपीकेजी’ या आज्ञावलीस अर्धवट राहिलेली मांडणी पुरी करण्याची आज्ञा द्यावी.

‘४०४, सापडत नाही’ या संदेशाचा विचार मात्र अधिक काळजीने करावयास हवा. आपली यादी जुनी झाली असेल, तर नवी यादी मागविताच काम होते. परंतु कधी संपूर्ण आवृत्तीच जागेवरून हललेली असते. डेबियनची ‘स्ट्रेच’ ही नववी आवृत्ती २०१७ साली आली. तिची दीर्घ मुदतीची देखभाल जून २०२२ अखेर संपली आणि २०२३ साली ती नेहमीच्या भांडारांतून काढून जुन्या आवृत्त्यांच्या दप्तरखान्यात ठेवण्यात आली. त्यानंतर जुन्या पत्त्यावर माल मागणाऱ्या यंत्रांना हाच नकार मिळू लागला. पत्ता बदलून दप्तरखान्याचा लिहिला की संदेश नाहीसा होतो. परंतु तेथे सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या येत नाहीत. यंत्र शांत दिसते, तरी त्यातील उणिवा तशाच राहतात. यास्तव आपल्या कागदपत्रांची प्रत अन्यत्र ठेवून एकेका पायरीने पुढील आवृत्तीवर जाणे हाच खरा उपाय होय.

सही तपासण्याचे काम बंद करण्याची सोयही ॲप्टमध्ये आहे. घाईच्या वेळी तिचा मोह पडतो. ती वापरली असता संदेश थांबतो खरा, परंतु त्याबरोबर पहाराही उठतो आणि बनावट पॅकेज यंत्रात शिरल्यास ते ओळखण्याचे साधन उरत नाही. अनेक विद्यार्थी व वाचक ज्या संगणकाचा उपयोग करतात, त्याची देखभाल करणाराने संदेश आधी पूर्ण वाचावा, कारण शोधावे आणि मगच हात घालावा.