विहिरीतला कोयता

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

‘‘साहेब, तीन दिवस विहिरीत होता. आता काय राहिलंय त्याच्यावर?’’ कोयता माझ्यापुढे ठेवत हवालदार म्हणाला. कोयता लख्ख होता. गाळ लागलेला बरा दिसत नाही, म्हणून त्यानं तो वाटेत नळाखाली धुऊन, फडक्यानं पुसून आणला होता! हेतूत खोट नव्हती. पण पाण्यातून काही वाचलं असलंच, तर ते त्या फडक्यानं गेलं.

बोटांचे ठसे पाहण्यात माझी सारी उमेद गेली. ‘पाण्यात पडलं म्हणजे पुरावा संपला’ हा समज मला सगळीकडे भेटला. गुन्हेगाराचाही तोच असतो, म्हणून तर तो विहीर गाठतो.

ठसा म्हणजे बोटाच्या रेषांवरून वस्तूला लागलेला घाम. त्यात बहुतांश पाणीच असतं. बाकी थोडं मीठ आणि अमिनो आम्लं. ही द्रव्यं पाण्यात विरघळून जातात. पण दिवसभरात आपण नकळत कितीदा तरी नाकाला, कपाळाला, केसांना हात लावतो. तिथला तेलकटपणा बोटांवर येतो आणि ठशात मिसळतो. तुपाचं ताट नुसत्या थंड पाण्याखाली धरून पाहा, म्हणजे पुढचं सांगायला नको.

आता हा तेलकट अंश दिसावा कसा? सिनेमात दाखवतात ती ब्रशनं लावायची पूड ओल्या वस्तूवर चालत नाही, तिचा चिखल होतो. म्हणून पूडच पाण्यात कालवतात. मोलिब्डेनम डायसल्फाइड नावाची काळसर, अतिशय बारीक भुकटी असते. यंत्रांच्या ग्रीसमध्येही ती वापरतात. पाण्यात थोडं साबणासारखं द्रव्य घालून ती ढवळायची आणि वस्तूवर फवारायची, किंवा वस्तूच त्यात बुडवायची. भुकटीचे कण स्निग्ध रेषांना चिकटतात. मग हलक्या हातानं साधं पाणी सोडलं, की करड्या रेषा उमटलेल्या दिसतात. इतकी वर्षं झाली, पण तो क्षण मला कधी जुना वाटला नाही. वस्तू काळी असेल तर पांढरी भुकटी घेतात. काच, पत्रा, प्लास्टिक यांवर ही रीत चालते.

कागदाचं तंत्र निराळं. १९५४ पासून ठशांसाठी माहीत असलेलं निनहायड्रिन अमिनो आम्लांशी संयोग पावून जांभळा रंग देतं. कागद भिजला की तीच आम्लं निघून जातात. अशा वेळी चांदीच्या क्षाराचं द्रावण कामी येतं. त्यातली चांदी ठशातल्या न विरघळणाऱ्या अंशावर बारीक कणांनी बसते आणि रेषा करड्या दिसू लागतात.

यश दर वेळी येतंच असं नाही. वाहत्या पाण्यातली वाळू ठसा घासून काढते. साचलेल्या, थंड पाण्यात तो अधिक टिकतो. दिवस वाढतील तशी आशा कमी. मात्र निम्मं यश प्रयोगशाळेच्या आधीच ठरतं. वस्तू कडेला धरून उचलावी आणि त्याच पाण्यानं भरलेल्या बादलीत, बुडालेलीच ठेवून पाठवावी. पुसू नये, उन्हात तर मुळीच वाळवू नये. गाळ वाळून घट्ट बसला, की तो काढताना ठसाही निघतो.

त्या कोयत्यावर मी भुकटी फवारली. पात्याच्या टोकाजवळ एक सुंदर, स्पष्ट ठसा उमटला. जुळवून पाहिला, तो हवालदाराचाच! बाकी पातं कोरं.

पुढं कोर्टात आरोपीच्या वकिलांनी विचारलं, ‘‘म्हणजे माझ्या अशिलानं कोयत्याला हात लावला नाही?’’ मी म्हटलं, ‘‘असं सांगता येणार नाही.’’ सरकारी वकिलांनी उलट विचारलं, ‘‘मग लावला असेल?’’ उत्तर तेच द्यावं लागलं. ठसा नाही, याचा अर्थ हात लागला नाही असा होत नाही. ठसा सापडला असता, तरी तो कधी उमटला हे मला सांगता आलं नसतं. घरातल्या कोयत्यावर घरच्यांचे ठसे असायचेच. पण तिथं तिसऱ्याच कुणाचा ठसा असता तर? आरोपीच्या पिंजऱ्यातला पोरगा विशीतला होता. माझ्या प्रत्येक ‘सांगता येणार नाही’ला तो मान वर करून माझ्याकडं बघत होता.