पत्ता बदलला, पात्रता बदलली

ब्रिटनमध्ये राहताना : लेखांक ६

मागच्या लेखांकात जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवण्याची रीत पाहिली. एवढ्याशा फॉर्मवर अख्खा लेख कशाला, असं कुणाला वाटलं असेल, तर आजचा विषय त्यांच्यासाठीच आहे. मूल होण्यासाठी सरकारी खर्चानं उपचार घ्यायचे, तर तुमचं नाव कोणत्या जीपीच्या पटावर आहे, यावर बरंच काही ठरतं. कर किती वर्षं भरला, हे कुणी विचारत नाही.

एनएचएस ही राष्ट्रीय आरोग्यसेवा, तेव्हा लंडनला जे मिळतं ते लीड्सलाही मिळणार, असा आपला समज असतो. अपेंडिक्सच्या ऑपरेशनपुरता तो खराही आहे. आयव्हीएफला तो लागू पडत नाही. कारण इंग्लंडमध्ये या उपचारांवर किती पैसा घालायचा, हे स्थानिक मंडळं ठरवतात. १ जुलै २०२२ ला अशी ४२ मंडळं स्थापन झाली. त्यांना इंटिग्रेटेड केअर बोर्ड, थोडक्यात आयसीबी म्हणतात. उपचारांचे निकष सुचवणाऱ्या नाइस या राष्ट्रीय संस्थेनं फेब्रुवारी २०१३ मध्ये सांगितलं होतं, की दोन वर्षं प्रयत्न करूनही दिवस न राहिलेल्या, चाळिशीच्या आतल्या स्त्रीला तीन पूर्ण सायकल द्याव्यात. ४० ते ४२ वयात, काही अटींवर, एक. पण ही शिफारस आहे, सक्ती नाही. त्यामुळे बहुतेक मंडळं एकाच सायकलवर हात आखडता घेतात.

त्या एका सायकलचं मापही सगळीकडे सारखं नाही. नाइसच्या लेखी, एकदा स्त्रीबीजं काढली की त्यातून तयार झालेले सगळे चांगले भ्रूण, ताजे आणि गोठवलेले, गर्भाशयात सोडून होईपर्यंत एक सायकल चालते. कित्येक मंडळं मात्र एक ताजा आणि एक गोठवलेला भ्रूण सोडला की हिशेब मिटवतात. उरलेले भ्रूण फ्रीझरमध्ये, आणि पुढचं बिल तुमच्या नावावर. २०२३ मध्ये ब्रिटनभर झालेल्या आयव्हीएफ सायकलपैकी सरकारी खर्चानं झालेल्या जेमतेम २७ टक्के होत्या, त्यात नवल नाही.

आता घर बदलण्याकडे येऊ. नवी नोकरी लागली, दुसऱ्या शहरात घर घेतलं, शहाण्या माणसासारखं पहिल्याच आठवड्यात नवा जीपी केला. त्या दिवसापासून तुमचा खर्च उचलणारं मंडळ बदललं, आणि नियमही त्याचेच. जुन्या ठिकाणी तुम्ही प्रतीक्षायादीत वर आला होतात, याला नव्या ठिकाणी किंमत असेलच असं नाही. काही मंडळं तर आमच्या भागातल्या जीपीकडे नाव नोंदवून बारा महिने झाले पाहिजेत, अशी अट घालतात. छत्तिशीतल्या बाईचं एक वर्ष असं नुसतं नोंदणीत जाणं मला क्रूर वाटतं. मंडळांचं म्हणणं असं, की अट नसेल तर लोक उपचारांसाठीच मुक्काम हलवतील. हलवतीलही. पण हा प्रश्न नियमांच्या विषमतेतून उभा राहिला आहे, त्याचं ओझं रुग्णानं का वाहायचं? गंमत म्हणजे सैन्यातल्या लोकांसाठी सरकारनं हा पेच सोडवला आहे. त्यांच्या सतत बदल्या होतात, म्हणून त्यांचे हे उपचार एनएचएस इंग्लंड देशपातळीवरच्या एकाच धोरणानं पाहतं. बँकेतल्या आणि आयटीतल्या माणसांच्याही बदल्या होतात.

तेव्हा क्रम उलटा करा. आधी नव्या मंडळाचं धोरण वाचा, मग जीपी बदला. आयसीबीच्या नावापुढे 'असिस्टेड कन्सेप्शन पॉलिसी' लिहून शोधलं की कागद सापडतो. त्यात बीएमआय (बहुधा ३० च्या आत), दोघांचं धूम्रपान, एएमएच (स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी) रक्तचाचणी, वयाची मर्यादा हे सगळं असतं, पण सर्वात आधी मुलांची अट पाहा. दोघांपैकी एकाला आधीच्या लग्नाचं मूल असेल, तर अनेक मंडळं दोघांनाही अपात्र ठरवतात. ते मूल तुमच्या घरी राहत नसलं तरी. स्कॉटलंड इथे जास्त उदार आहे. दोघांपैकी एकाला मूल नसलं, की तिथे जोडपं पात्र ठरतं, आणि चाळिशीच्या आत तीन सायकलपर्यंत मिळतात, एडिंबरा असो की ॲबरडीन. वेल्समध्ये दोन.

उपचार अर्ध्यावर असताना निघावंच लागलं, तर सुरू झालेली सायकल जुनं मंडळ पूर्ण करून देईल का, हे क्लिनिककडून लेखी घ्या. तोंडी होकारावर सामान बांधू नका. जवळपासच्या गावातच जात असाल तर आणखी एक सरळ मार्ग आहे. जानेवारी २०१५ पासून इंग्लंडमधले जीपी आपल्या हद्दीबाहेरच्या रुग्णाचंही नाव पटावर ठेवू शकतात. ठेवायचं की नाही, ही त्यांची मर्जी. पण विचारायला हरकत नाही. जुनाच पत्ता दाखवून गप्प बसणं हा मार्ग मात्र नव्हे. ती खोटी माहिती होते.

आपल्याकडच्या बऱ्याच जणांची गाडी याच्याही आधी अडते. वर्क व्हिसावर येताना आपण हेल्थ सरचार्ज भरतो, फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड. बाळंतपणही त्यात येतं. मूल होण्यासाठीचे उपचार तेवढे इंग्लंडमध्ये २१ ऑगस्ट २०१७ पासून वगळले आहेत. आयएलआर (कायम वास्तव्याची परवानगी) मिळालं की ही आडकाठी जाते. पोर्तुगीज पासपोर्टवर येऊन स्विंडनसारख्या गावात स्थिरावलेल्या, सेटल्ड स्टेटस (युरोपीय नागरिकांचा कायम वास्तव्याचा दर्जा) असलेल्या गोंयकारांना ती नाही. दोघांपैकी एकाचंच आयएलआर झालं असेल, तर रुग्णालयातल्या ओव्हरसीज व्हिजिटर मॅनेजरला आधी गाठा. रिसेप्शनवर विचारलेलं पुरत नाही.

आयएलआरची वाट पाहत असताना पुण्या-मुंबईला जाऊन स्वखर्चानं आयव्हीएफ करून येणारी जोडपी पुष्कळ. त्यात गैर काही नाही, पण नाइसच्या शिफारशीत आधी केलेल्या पूर्ण सायकल मोजणीत धरल्या जातात, मग त्या सरकारी खर्चानं झालेल्या असोत वा स्वतःच्या. जिथे एकच सायकल मिळते, तिथे पुण्यातला एक प्रयत्न तुमचा इथला हक्क संपवू शकतो. शिवाय तिथे गोठवलेले भ्रूण सहज इकडे आणता येत नाहीत. भारताच्या २०२१ च्या एआरटी कायद्यानुसार स्वतःच्या वापरासाठीसुद्धा राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते. वय हाताशी असेल आणि आयएलआर वर्षभरावर आलं असेल, तर तिकडची तारीख घेण्याआधी इथल्या धोरणातलं 'प्रीव्हियस सायकल्स' हे कलम वाचून घ्या.

(पुढील लेखांकात : मिडवाइफची पहिली भेट)