अनुभवी हातांची कदर

साठी गांठली म्हणून माणसाच्या हातांतलें कसब एका दिवसांत संपत नाहीं. संपतो तो महिन्याचा पगार. मग त्याला आणखी कांहीं वर्षें कामावर ठेवण्याचा भार कोणीं सोसावा?

सिंगापुरानें हा भार तिघांत वांटला. तेथें सरकार, मालक व कामगार-संघ १९७२ पासून राष्ट्रीय वेतन मंडळांत एकत्र बसत आले. त्याच वहिवाटीनें निवृत्तीचा प्रश्न हातीं घेतला गेला. १९९३ च्या कायद्यानें निवृत्तीची किमान मर्यादा ६० ठरली. १९९९ मध्यें ती ६२ झाली. २०१२ पासून, काम समाधानकारक व प्रकृति धड असल्यास, ६५ पर्यंत पुनर्नेमणूक देऊं करणें मालकास बंधनकारक झालें; पुढें हीहि मर्यादा वाढली.

मात्र काम व पगार नव्यानें ठरवितां येतात, ही मालकाची सोय. योग्य जागा नसल्यास एकरकमी साहाय्य मिळतें, हा कामगाराचा आधार. पगाराचा कांहीं अंश २०११ पासून सरकार मालकांस देऊं लागलें.

पगार घटण्याची टोंचणी कामगाराला लागतेच. पण तिघांनींहि थोडें थोडें सोडलें, म्हणून अनुभवी हात रिकामे राहिले नाहींत. वडिलांचा मान घरांत संस्कारानें राखला जातो. कारखान्यांत त्याला करारच लागतो.