गुरुत्वाकर्षण पुंजरूप आहे काय?

पालघर जिल्ह्यातील बोईसरच्या पश्चिमेस असलेल्या तारापूरच्या किनाऱ्यावर भौतिकीचे दोन सिद्धांत शेजारी नांदतात. तेथील भरती-ओहोटीचा उलगडा गुरुत्वाकर्षणाने होतो. १९६९ साली तेथेच सुरू झालेल्या अणुविद्युत् केंद्रातील युरेनियमच्या विखंडनाचा उलगडा मात्र पुंजयामिकीवाचून होत नाही. अणुगर्भात गुरुत्वाकर्षण नगण्य ठरते. कारण दोन प्रोटॉनांमधील विद्युत् प्रतिकर्षण त्याच्या सुमारे एकावर छत्तीस शून्ये इतके पट असते. म्हणूनच गुरुत्वाकर्षणही पुंजनियमांनी बद्ध आहे, याचा प्रायोगिक पुरावा अद्याप मिळालेला नाही.

२०१५ साली गुरुत्वीय तरंगांचा वेध घेतला गेला. पण अभिजात सिद्धांतही ते तरंग मानतोच. २०१७ साली सुगातो बोस व त्यांचे सहकारी, तसेच कियारा मार्लेट्टो व व्लात्को वेड्रल यांनी निराळा मार्ग सुचविला. बोस यांच्या योजनेत, किलोग्रॅमच्या सुमारे शंभर लाख कोटीव्या भागाइतके वस्तुमान असलेले हिऱ्याचे दोन स्फटिक घ्यावयाचे, प्रत्येकाला दोन स्थानांच्या अध्यारोपणात ठेवावयाचे आणि त्यांच्यात गुरुत्वाकर्षणाखेरीज अन्य क्रिया उरू द्यावयाची नाही. अशाने त्यांच्या अवस्था परस्परांत गुंतल्या, तर त्यांच्यामधील क्षेत्र निव्वळ अभिजात असू शकणार नाही. अभिजात मध्यस्थ अशी गुंतवण घडवू शकत नाही, असा हा युक्तिवाद आहे. त्यामागील गृहीतांविषयी मतभेद आहेत. प्रयोगाची मुख्य अडचण मात्र अणुगर्भातलीच आहे : विद्युत् प्रभाराचा लेशही गुरुत्वाकर्षणाला झाकून टाकतो.