पेशवे दरबाराचा चित्रकार जेम्स वेल्स

सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांचीं नांवें उच्चारतांच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें जे चेहरे उभे राहतात, ते टिपून ठेवण्यांत एका परक्या चित्रकाराचा मोठा वांटा आहे. त्याचें नांव जेम्स वेल्स.

वेल्सचा जन्म १७४७ सालीं स्कॉटलंडमधील पीटरहेड या गांवीं झाला. चित्रकला तो बहुतांशीं स्वतःच शिकला. उमेदवारीच्या काळांत पत्र्यावर लहान तसबिरी रंगवून विकीत असे. १७९१ सालीं तो मुंबईस आला आणि पुण्याच्या दरबारांतील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयानें पेशव्यांपर्यंत पोंचला.

पुण्यास तेव्हां चितारी नव्हते असें नाहीं. वाड्यांच्या भिंती व पोथ्यांचीं पानें ते सजवीत. परंतु त्यांच्या पद्धतींत चेहरा बहुधा एका बाजूनें, ठाम रेषेनें काढीत. वेल्सनें तैलरंगांत छायाप्रकाश साधून, समोर बसलेला माणूस जसा दिसला तसा उतरविला. १७९२ च्या त्याच्या चित्रांत अठरा वर्षांचे पेशवे व त्यांचे कारभारी नाना एकत्र दिसतात. तें चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहीं आहे. महादजी शिंद्यांचीही तसबीर त्यानें काढली.

मॅलेटच्या पुढाकारानें शनिवारवाड्यांत चित्रशाळा निघाली. तेथें वेल्सच्या हाताखालीं तयार झालेला गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचाच कलावंत. त्यानें वेरूळच्या लेण्यांचीं रेखाटनें केलीं. त्याचीं अनेक चित्रें आज अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या संग्रहांत आहेत.

या सर्व उद्योगास काळ मात्र फार थोडा लाभला. महादजी फेब्रुवारी १७९४ मध्यें निवर्तले. २७ ऑक्टोबर १७९५ रोजीं पेशव्यांचा अंत झाला. पुढच्याच महिन्यांत, कान्हेरीच्या लेण्यांचीं चित्रें काढण्याच्या कामीं जडलेल्या तापानें वेल्सही गेला.

मॅलेटनें त्याच्याकडे सोंपविलेलें १७९० च्या तहाच्या दरबाराचें भव्य चित्र त्यामुळें अपुरें राहिलें. वेल्सच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियल यानें तें विलायतेंत १८०५ सालीं पुरें केलें. तो दरबार या दोघांपैकीं एकानेंही पाहिलेला नव्हता. तह झाला तेव्हां वेल्स हिंदुस्थानांत आलाच नव्हता. म्हणून तें चित्र पाहतांना एक विवेक ठेवावा: त्यांतील प्रसंगाची मांडणी मागाहून योजलेली आहे, पण पेशव्यांचा व नानांचा चेहरा मात्र प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या हातचा आहे. ती संधि तीन वर्षांनीं हुकली असती, तर तरुण पेशव्यांचें असें समोर बसवून काढलेलें रूप मागें राहिलेंच नसतें.