मुंबई सिटी एफसीचे समर्थक

मुंबई सिटी एफसी या २०१४ मध्ये स्थापन झालेल्या व्यावसायिक फुटबॉल क्लबचा चाहतावर्ग मुंबई व उपनगरांत पसरलेला आहे. 'वेस्ट कोस्ट ब्रिगेड' ही या समर्थकांची प्रमुख संघटना होय. हा क्लब इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) खेळतो. त्याचा रंग आकाशी आहे.

घरचे मैदान

पहिले दोन हंगाम संघाचे घरचे सामने नवी मुंबईतील नेरूळ येथे झाले. २०१६ मध्ये संघ अंधेरी (पश्चिम) येथील मुंबई फुटबॉल अरीनामध्ये आला. त्यामुळे उपनगरांतील समर्थकांना मैदान जवळ झाले. बोरिवलीहून पश्चिम रेल्वेने अंधेरीला येता येते. मुलुंडचे समर्थक मध्य रेल्वेने घाटकोपरला येऊन तेथून मेट्रोने आझाद नगर स्थानक गाठू शकतात.

विजेतेपदे

साखळी फेरीत अव्वल ठरणाऱ्या संघाला शील्ड, तर अंतिम सामना जिंकणाऱ्यास चषक मिळतो. २०२४ पर्यंत मुंबईने दोन्ही प्रत्येकी दोनदा पटकावले. मात्र चारपैकी एकही विजेतेपद अंधेरीत निश्चित झाले नाही. २०२०-२१ चा हंगाम कोविडमुळे गोव्यात प्रेक्षकांविना झाला. त्यात मुंबईने शील्ड व चषक दोन्ही जिंकले. १३ मार्च २०२१ रोजी अंतिम सामन्यात बिपिन सिंगने ९०व्या मिनिटाला केलेला विजयी गोल समर्थकांना घरी बसूनच पाहावा लागला. २०२२-२३ ची शील्ड मडगावजवळील फातोर्डा येथे एफसी गोवाला ५-३ असे नमवून, तर ४ मे २०२४ चा चषक कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे हरवून मिळाला.