किलोमागे किती जीव?

३ एप्रिल २०१९ रोजी सिंगापूर बंदरात कस्टम्सच्या लोकांनी नायजेरियाहून व्हिएतनामला निघालेला एक कंटेनर उघडला. कागदावर आत गोठवलेले गोमांस होते. पोत्यांतून निघाले १२.९ टन खवले, खवले मांजराच्या अंगावरचे. पाचच दिवसांनी त्याच वाटेने जाणारा दुसरा कंटेनर त्याच बंदरात सापडला. त्यात होते १२.७ टन. दोन्ही मिळून २५.६ टन.

टन म्हटले की डोळ्यांसमोर सिमेंट येते, जनावर येत नाही. म्हणून हा हिशेब उलटा मांडावा लागतो. अधिकाऱ्यांच्या अंदाजाने या मालासाठी सुमारे ३८,००० खवले मांजरे मारली गेली होती. म्हणजे एका जिवाचे सरासरी ६७० ग्रॅम खवले. ते बनलेले केराटिनचे, आपली नखे बनतात त्याच द्रव्याचे. मादीला साधारणपणे वर्षाला एकच पिल्लू होते. पाच दिवसांत पकडलेला हा माल रानात भरून निघायचा, तर ३८,००० माद्यांचे अख्खे वर्ष लागेल, तेही एकसुद्धा पिल्लू दगावले नाही तर.

युरोपातल्या ईल माशाकडे वळले की हेच गणित दुसऱ्या टोकाला जाते. हा लांबट, सापासारखा मासा सारगॅसो समुद्रात जन्मतो आणि त्याची काचेसारखी पारदर्शक पिल्ले वाहत युरोपच्या किनाऱ्याला लागतात. त्याची पैदास बंदिस्त जागी व्यापारी प्रमाणावर जमलेली नाही, म्हणून पूर्व आशियातल्या मत्स्यशेतीला समुद्रातून धरलेली पिल्लेच लागतात. युरोपीय संघाने २०१० च्या अखेरीस त्यांची निर्यात बंद केली आणि धंदा प्रवाशांच्या बॅगांत शिरला. एका किलोत तीन हजारांहून अधिक पिल्ले बसतात. पाण्याच्या पिशव्यांत मिळून वीस किलो पिल्ले भरलेली बॅग विमानात चढली, तर साठ हजार जीव एका माणसाच्या हातात. युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेच्या अंदाजाने ही तस्करी वर्षाला १०० टनांपर्यंत जाते. म्हणजे तीस कोटी मासे.

शार्कच्या परांचे गणित खवल्यांसारखेच. मे २०२० मध्ये हाँगकाँगला इक्वाडोरहून आलेल्या दोन कंटेनरांत २६ टन पर सापडले. तो माल होता सुमारे ३८,५०० शार्कचा. हा धंदा आपल्यापासून लांब नाही. भारताने २०१५ मध्ये परांची निर्यात बंद केली. तरी सप्टेंबर २०१८ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबईतल्या शिवडीच्या एका गोदामातून आणि गुजरातेतल्या वेरावळहून मिळून ८ टन पर जप्त केले. हाँगकाँगचे प्रमाण लावले तर बारा हजारांच्या आसपास शार्क.

ही झाली काही उदाहरणे. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाने २०१५ ते २०२१ या सात वर्षांतल्या जप्ती एकत्र केल्या. १६२ देश-प्रदेश, सुमारे चार हजार प्राणी-वनस्पती प्रजाती, १ कोटी ३० लाख नग आणि त्याशिवाय वजनात नोंदलेला १६,००० टनांवर माल. आणि हे फक्त पकडल्या गेलेल्याचे; जगात फिरणाऱ्या कंटेनरांपैकी दोन टक्केही उघडून तपासले जात नाहीत. एकट्या न्हावा शेवा बंदरात वर्षाला सत्तर लाखांहून अधिक वीसफुटी कंटेनरांइतकी मालवाहतूक होते. ते सगळे उघडून बघायचे ठरवले, तर बंदर बंद पडेल.

या पसाऱ्यावर लक्ष ठेवण्यासाठी जगाकडे मुख्य हत्यार एकच, आणि तेही कागदी. १९७३ मध्ये वॉशिंग्टनला ठरलेला, वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा सायटीस करार १ जुलै १९७५ पासून लागू झाला. भारत त्यात १९७६ ला आला. आज सदस्य १८५ आहेत आणि यादीत ४०,००० हून अधिक प्रजाती आहेत. त्यांतल्या बहुतेक वनस्पती. प्राणी साडेसहा हजारांच्या घरात. पहिल्या परिशिष्टातल्या जिवांचा व्यापार जवळपास बंद. दुसऱ्यातल्यांचा चालतो, पण निर्यात करणाऱ्या देशाच्या शास्त्रज्ञांनी ‘या व्यापाराने प्रजातीला धोका नाही’ असे सांगावे लागते, मग परवाना. प्रत्येक देश वर्षभराचा हिशेब पाठवतो आणि सामाईक वहीत दरसाल दहा लाखांहून अधिक नोंदी चढतात.

आकडा प्रचंड आहे, पण यादीबाहेरचे काय? अमेरिका आयात होणारा जवळजवळ प्रत्येक वन्य जीव लिहून ठेवते, मग तो यादीत असो वा नसो. त्या नोंदींवरून २००० ते २०२२ या काळात तिथल्या व्यापारात २९,००० हून अधिक प्रजातींचे २८५ कोटींवर जीव मोजले गेले. रोजचे तीन लाखांहून अधिक. सगळ्या जगाच्या यादीत जितक्या प्राणिप्रजाती आहेत, त्याच्या चौपटीहून जास्त या एकाच देशाच्या दारात. असे दप्तर ठेवणारे देश फार थोडे. बाकीच्या ठिकाणी यादीबाहेरचा बेडूक, कोळी किंवा सरडा ‘जिवंत प्राणी’ एवढ्याच शब्दांत सीमा ओलांडतो.

नुसत्या मोजण्याने जीव वाचतो, असेही नाही. आफ्रिकन ग्रे पोपट दुसऱ्या परिशिष्टात होता, परवाने मिळत होते, नोंदी होत होत्या. १९७५ पासूनच्या त्या नोंदींची बेरीज केली तेव्हा रानातून धरून विकलेल्या जिवंत पोपटांचा आकडा निघाला १३ लाखांहून अधिक. तोवर घानासारख्या देशात तो ९० टक्क्यांहून जास्त घटला होता. पण २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या परिषदेत त्याला पहिल्या परिशिष्टात घालावे, हा मुद्दा याच बेरजेच्या बळावर उभा राहिला आणि जानेवारी २०१७ पासून रानातल्या पोपटांचा कायदेशीर व्यापार थांबला. वही चार दशके उशिरा वाचली गेली, पण ती होती म्हणून वाचता आली.

भारतानेही आता ही वही घरांपर्यंत आणली आहे. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने सायटीसच्या यादीला स्वतंत्र अनुसूची मिळाली आणि २०२४ च्या नियमांनी अशा विदेशी प्राण्यांची नोंदणी ‘परिवेश’ पोर्टलवर सक्तीची केली. पुण्यात किंवा ठाण्यात ज्याच्या घरी ग्रे पोपट, इग्वाना किंवा बॉल पायथॉन आहे, त्याला ही कटकट वाटेल. वाटू द्यावी. वाढलेला, मेलेला, दिलेला, घेतलेला प्रत्येक जीव लिहिला गेला, तरच विनानोंदीचा जीव चोरीचा म्हणून ओळखता येईल.